संघमालक गेल्यावर हिशेब कसा मांडायचा? (सुब्रत रॉय आणि आपली पुणे वॉरियर्स)

नेरूळचा_नाना | १६ नोव्हेंबर २०२३, रात्री ११:४०

पाडव्याच्या रात्री सहारा समूहाचे प्रमुख आणि आयपीएलमधल्या पुणे वॉरियर्सचे मालक सुब्रत रॉय गेले. इथेच, मुंबईत, कोकिलाबेन रुग्णालयात. वय ७५. दुसऱ्या दिवशी भाऊबीज आणि वानखेडेवर सेमीफायनल. कोहलीचं पन्नासावं शतक, शमीच्या सात विकेट. त्या गदारोळात ही बातमी कुठल्या कुठे दडपली गेली. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने 'ओम शांती' टाकलं, त्याच्या खालचाच मेसेज 'शमीईईई'. संपलं.

मला मात्र चुटपुट लागली. २०११ मध्ये पुणे वॉरियर्सचं घरचं मैदान होतं आमचं डी. वाय. पाटील. पुण्याजवळचं गहुंजेचं स्टेडियम अजून तयार व्हायचं होतं. नेरूळ स्टेशनवरून चालत जायचं, गेटवर फुकट झेंडा मिळायचा, आणि आम्ही नवी मुंबईकर सहा आठवडे पुणेकर व्हायचो. मुंबई इंडियन्स आली तेव्हा काय झालं ते आठवतंय का कुणाला? यजमान पुणे, स्टेडियम नेरूळचं आणि पब्लिक 'सचीऽऽन, सचिन' करतंय! हातात झेंडा पुण्याचा. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

तर प्रश्न असा. बाजार नियामक सेबीची कारवाई, तिहार तुरुंग, ठेवीदारांचे अडकलेले पैसे हे सगळं मला माहीत आहे, त्यावर इथे आधीच तीन धागे आहेत. मला फक्त संघाचा मालक म्हणून बोलायचंय. २००१ पासून २०१३ पर्यंत भारतीय संघाच्या छातीवर त्यांचं नाव होतं. लॉर्ड्सच्या गॅलरीत दादाने (सौरव गांगुलीने) जो शर्ट काढून फिरवला ना, त्यावरही 'सहारा'च होतं. त्याआधी टोरांटोचा सहारा कप, १९९६ ते ९८. हॉकीला कुणी विचारत नव्हतं तेव्हा हॉकीच्या जर्सीवर तेच. ओडिशा सरकार २०१८ मध्ये आलं, त्याच्या आधीची गोष्ट. एवढं करणारा माणूस जातो आणि खेळाच्या पानावर चार ओळी नाहीत?

माझ्या मते खेळापुरता हिशेब काढला तर माणूस जमेत निघतो. बोला.

तिसरी_स्लिप | १६ नोव्हेंबर, रात्री ११:५८

नाना, खेळापुरता म्हणालात ना? मग खेळाचंच बघू.

२०१० च्या लिलावात पुण्यासाठी बोली लावली ३७ कोटी डॉलर. दोनच वर्षं आधी मुंबई इंडियन्स गेली होती ११ कोटी १९ लाख डॉलरना. म्हणजे तिपटीहून जास्त मोजले. बदल्यात काय आलं? तीन हंगाम, ४६ सामने, १२ विजय. दहा संघांत नववे, मग नवात नववे, मग नवात आठवे. पहिल्या वर्षी उथप्पाला २१ लाख डॉलर, युवराजला १८ लाख. युवराज पुढच्या वर्षी आजारी, त्यात कुणाचाच दोष नाही. पण कप्तानांची तर रांगच लागली होती. युवराज, दादा, मॅथ्यूज, टेलर, फिंच. पीएमटीच्या बसला कंडक्टर बदलतात तसे.

आणि २३ एप्रिल २०१३. बंगळुरू. गेल नाबाद १७५, चेंडू ६६. फिंच कप्तान होता, बिचाऱ्याने स्वतः एक षटक टाकून बघितलं, २९ गेल्या. ती मॅच मी दादरच्या एका टीव्हीच्या दुकानाबाहेर उभा राहून पाहिली. दुकानदार शेवटी म्हणाला, 'साहेब, टीव्ही घ्यायचा नसेल तर सरका, पण गेल आउट झाल्यावर.'

पुणेकर_आहे_म्हणून_काय | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

पीएमटी २००७ मध्येच पीएमपीएमएल झाली. मुंबईच्या लोकांनी निदान शिव्या तरी अद्ययावत द्याव्यात.

बाकी मुद्दा मान्य. गहुंजेच्या स्टेडियमला 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम' नाव दिलं होतं. नावाचे पैसे थकले, असोसिएशनने नाव काढलं. जिवंतपणी स्वतःचं नाव स्टेडियमला लावून घेणं आणि जिवंतपणीच ते उतरलेलं बघणं, असा मान फार थोड्यांना मिळतो.

तिसरी_स्लिप | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पीएमपीएमएल मान्य, शब्द मागे.

एक मात्र सांगायला हवं. ६ एप्रिल २०१२, वानखेडे, मी नॉर्थ स्टँडला होतो. पुण्याने १२९ केल्या. सगळा स्टँड बारा-तेरा षटकांत घरी जायच्या गप्पा मारत होता. आणि पुण्याचा गोलंदाज डिंडा असा काही सुटला की विचारू नका. चार विकेट. आम्ही मुंबईवाले २८ धावांनी हरलो. माझ्या पुढच्या रांगेत एक जण एकटाच पुण्याची जर्सी घालून आलेला. पहिली दहा षटकं तो सीटमध्ये खाली खाली सरकत होता, शेवटची दहा उभाच. चर्चगेट लोकलमध्येही उभाच होता, बसायला जागा असून. त्या माणसाला विचारलं तर तो रॉयसाहेबांना जमेत धरेल.

सॅन_सिरो_वसई | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

फुटबॉलवाल्यांना हा प्रश्न पाच महिन्यांपूर्वीच येऊन गेलाय. जूनमध्ये इटलीचा माजी पंतप्रधान बर्लुस्कोनी गेला. १९८६ मध्ये मिलान हा फुटबॉल क्लब डबघाईला आलेला असताना त्याने घेतला, एकतीस वर्षं ठेवला, पाच वेळा युरोपचा कप. त्याच माणसाला २०१३ मध्ये करचुकवेगिरीत शिक्षा कायम झालेली. बाकी भानगडी सांगत बसत नाही, धागा उडेल. आमच्या वसईच्या मिलान ग्रुपमध्ये त्या दिवशी दोन तट पडले. एक म्हणे, आपण प्रेसिडेंटसाठी रडतोय, पंतप्रधानासाठी नाही. दुसरा म्हणे, अरे, तो पंतप्रधान झालाच मिलानच्या जोरावर, वेगळं कसं काढणार? पक्षाचं नावसुद्धा स्टेडियममधल्या आरोळीवरून घेतलेलं: 'फोर्झा इटालिया'.

उलट इंग्लंडच्या लेस्टर क्लबचे मालक विचाई. २०१६ मध्ये तिथली लीग जिंकली, पाच हजारास एक भाव होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये स्टेडियमच्या बाहेरच हेलिकॉप्टर पडून गेले. शहर रडलं ते कपासाठी आणि त्यांनी तिथल्या रुग्णालयाला दिलेल्या पैशांसाठीही. त्यांचा पुतळा उभा आहे तिथे.

मुद्दा असा की रॉयना या दोघांच्या पंगतीत बसवायला आधी कप तरी पाहिजे.

जुना_शिवाजीपार्क | १७ नोव्हेंबर, दुपारी १:२०

तुम्ही पोरं मालक म्हटलं की लिलावच बघता. आमच्या वेळी मालक संघ विकत घेत नसे, नोकरी देत असे. मफतलालमध्ये सोळकर, अशोक मंकड. निरलॉनमध्ये सुनील गावस्कर. टाइम्स शील्डची, म्हणजे कंपन्यांच्या संघांच्या स्पर्धेची मॅच असली की निम्मं ऑफिस मैदानावर. सोळकरचे वडील हिंदू जिमखान्याचे माळी होते, पोरगं तिथेच वाढलं. त्या घराला मफतलालच्या पगाराचा अर्थ काय असेल ते तुमच्या ३७ कोटी डॉलरमध्ये मोजता येत नाही. ती मफतलालही पुढे तशी राहिली नाही आणि गिरण्यांचं काय झालं ते मी लालबागकरांना सांगायची गरज नाही. पण खेळाडूच्या घरी चूल पेटली, हे कुणी काढून घेऊ शकत नाही.

आणि मालकाने हात काढून घेतला की काय होतं तेही मुंबईने पाहिलंय. महिंद्रा युनायटेड. १९६२ पासूनचा क्लब, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि २०१० मध्ये बंद. कूपरेजवर पोरं बूट हातात घेऊन बसलेली पाहिलीत मी. त्यांनी तो पैसा शाळांच्या फुटबॉलकडे वळवला म्हणे. असेल. पण संघ गेला तो गेला.

सीए_वैतागलेला | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:४८

नाना, 'खेळापुरता हिशेब' हीच गफलत आहे. कुठल्याही धंद्यात एका खात्याचा ताळेबंद काढून मालक जमेत आहे असं सांगता येत नाही. तरी आकडे बरोबर असावेत म्हणून लिहितो, कारण वरच्या तीन धाग्यांत लोकांनी वाट्टेल ते फेकलंय.

एक, त्यांना फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ ला दोन सहारा कंपन्यांना सांगितलं की परिवर्तनीय रोखे काढून लोकांकडून घेतलेले २४ हजार कोटींच्या वर पैसे १५ टक्के व्याजाने परत करा. ते झालं नाही म्हणून मार्च २०१४ ला तिहार. आईच्या निधनानंतर मे २०१६ मध्ये पॅरोल. निकाल रोख्यांबद्दल होता, जर्सीबद्दल नव्हता.

दोन, सहाराचं म्हणणं कायम असं की बहुतेक पैसे आम्ही थेट परत केलेत. पुरावे म्हणून कागदपत्रांचे १२७ ट्रक सेबीकडे मुंबईला पाठवले. हो, ट्रक. मी ऑडिटच्या मोसमात तीन टेम्पो पाहून हबकतो.

तीन, आणि हे कुणी फारसं सांगत नाही. मार्च २०२३ ला सेबीच्या खात्यात २५ हजार कोटींहून जास्त पडून होते आणि तोवर परत गेले फक्त १३८ कोटी. दावेच तेवढे आले. यावरून एक गट म्हणतो, बघा, बाकीच्यांना आधीच मिळाले होते. दुसरा म्हणतो, ते लोक होतेच कुठे? तिसरं उत्तर मला जास्त खरं वाटतं. ज्या माणसाकडे पावती आहे पण अर्ज भरायला कुणी नाही, तो दावा करतच नाही. जुलैत सहाराच्या सहकारी संस्थांच्या ठेवीदारांसाठी सरकारने पोर्टल काढलं, ५ हजार कोटी त्यासाठी वळवले. सुरुवातीला, २०२३ मध्ये, माणशी दहा हजारच ठरले. त्यालाही आधार मोबाइलला जोडलेला लागतो.

आता क्रिकेट बोर्डाची बाजू. पुण्याची बोली ९४ सामने धरून लावली होती, झाले ७४. फी कमी करा म्हणून सहारा भांडत राहिलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये लिलावाच्या सकाळीच 'आम्ही चाललो' जाहीर केलं, मग परत आले. मे २०१३ मध्ये बोर्डाने बँक गॅरंटी वठवली, सहाराने संघ सोडला, ऑक्टोबरमध्ये बोर्डाने करार संपवला. या भांडणात सहाराची बाजू अगदीच लंगडी नव्हती, एवढं मी म्हणेन. सामने कमी देऊन पूर्ण भाडं मागणारा घरमालक तुम्हाला चालेल का?

नेरूळचा_नाना | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

हेच! म्हणजे संघमालक म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला असंही म्हणता येतं. आणि दादाला २०११ च्या लिलावात कुणी घेतलं नव्हतं, तेव्हा हंगामाच्या मध्यात कुणी बोलावलं? पुण्याने. भुवनेश्वर, मनीष पांडे, स्टीव्ह स्मिथ तिथेच खेळले. जमा, जमा, जमा.

कावेरी_ठाणे | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

नाना, तुम्ही धाग्यात प्रश्न विचारलात की वकीलपत्र घेतलंत?

लालबागचा_धाकटा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:२२

मी इथे फारसा लिहीत नाही. आज लिहितो, कारण 'खेळापुरतं' हा शब्द खटकला.

आधीच सांगतो, ही गोष्ट सहाराची नाही. दुसरीच एक बचत कंपनी होती, नाव घेत नाही, तिच्या मालकाचं नाव आज कुणाला आठवणारही नाही. माझे बाबा त्यांचे पिग्मी एजंट. गिरणी गेल्यावर हेच. दुपारी चारला निघायचे. रेक्झिनची काळी बॅग, त्यात पासबुकांचा गठ्ठा रबराने बांधलेला, कार्बनचा कागद, एक शाईचं पॅड. भाजीवाली मावशी, चणेवाला, गणेश टॉकीजच्या बाजूला बूट शिवणारे काका. कुणाचे पाच, कुणाचे दहा. मावशी पैसे देताना नाण्यांवरची कोथिंबीर पुसायची. बाबा पासबुकात आकडा लिहून खाली सही करायचे, आणि मावशीला वाचता येत नव्हतं तरी ती रोज ते पासबुक उलटं-सुलटं करून बघायची.

त्या कंपनीचा एक क्रिकेट संघ होता. म्हणजे आयपीएल वगैरे नाही हो, टेनिस बॉलचा. लालबाग-परळच्या स्पर्धांमध्ये खेळायचा. पांढरे टी-शर्ट, पाठीवर कंपनीचं नाव, आणि एका वर्षी आमच्या मैदानावर चषकही जिंकला. मी दहा वर्षांचा. बाबांनी मला खांद्यावर घेऊन तो चषक दाखवला आणि म्हणाले, 'आपली कंपनी.' मावशीलाही ते सांगून आले. तिला क्रिकेट कळत नव्हतं, पण कंपनीचा संघ आहे म्हटल्यावर तिने पाचाचे दहा केले. तिचा हिशेब सरळ होता: ज्यांच्याकडे खेळायला पैसे आहेत, त्यांच्याकडे माझेही बुडणार नाहीत.

एक दिवस ऑफिसला कुलूप. बाबा तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग पडले ते मागच्या गल्लीने, पुढचे कित्येक महिने. मावशी बोलली काहीच नाही. ते जास्त वाईट. तिचे पैसे बाबांनी पुढे आपल्या खिशातून फेडले, दर महिन्याला थोडे थोडे, त्याच पासबुकात खोडून. बाकीच्यांचे नाही जमले.

म्हणून मला 'जर्सीचं खातं वेगळं, ठेवीचं खातं वेगळं' हे पटत नाही. जर्सी हीच जाहिरात होती. भारताच्या संघाच्या छातीवर नाव आहे म्हटल्यावर गावातला माणूस कंपनीचा ताळेबंद मागत नाही. सहाराचं नेमकं काय झालं ते सीए साहेबांनी लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. पण तो शर्ट कशासाठी होता, एवढं तरी विचारूया.

अॅडमिन | १७ नोव्हेंबर, रात्री १०:५०

चार प्रतिसाद उडवले आहेत. गेलेल्या माणसाबद्दल मतभेद चालतील, तिरडीवरचे विनोद नकोत. लालबागचा_धाकटा, मनापासून लिहिलंत.

जुना_शिवाजीपार्क | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

धाकट्या, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. काल रात्री वाचलं, मग झोप आली नाही. मी तेवढं मफतलाल-मफतलाल केलं, आता वाटतंय की गिरणीवरचं नाव आणि पांढऱ्या कपड्यांवरचं नाव एकच होतं, आणि आम्हीही तेव्हा फक्त पांढरे कपडेच बघितले.

सॅन_सिरो_वसई | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

तरी मी नानांच्या बाजूने एक म्हणतो. प्रेक्षकाने प्रत्येक जर्सीमागचा पैसा तपासायचा ठरवला तर रविवारी बघायचं काय? कॅरम? २०११ मध्ये सहाराने फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाचाही ४२.५ टक्के हिस्सा घेतला, दहा कोटी डॉलरना. बुद्ध सर्किटवर मी ती गाडी बघितली, अंगावर काटा आला होता. तो काटा खोटा होता असं मी आज म्हणणार नाही.

कावेरी_ठाणे | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

काटा खराच. पण तुमच्या काट्यासाठी कुणाला पुण्य मिळावं हा प्रश्न आहे. टाळ्या खेळाडूंना द्या ना. डिंडाने चार घेतल्या, त्या डिंडाच्या. मालकाच्या खात्यात का टाकायच्या? आमच्या घरी सासरे वारले तेव्हा सगळे म्हणत होते, केवढं घर बांधलं. घर सासूबाईंच्या दागिन्यांवर उभं राहिलं होतं, त्या आत चहा टाकत होत्या.

तिसरी_स्लिप | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:३१

धागा जिंकलात.

नेरूळचा_नाना | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

दोन दिवस गप्प राहावं म्हटलं होतं, राहवलं नाही. धाकटे, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'तुमच्या त्या झेंड्याचे पैसे कुणी दिले होते मग?' मी म्हटलं, फुकट मिळाला. ती नुसती बघत राहिली.

माझं मत पूर्ण बदललं नाही. हॉकीला त्या काळात उभं राहणं मी अजूनही मानतो. दादाला बोलावणंही. पण 'जमेत निघतो' हे वाक्य मागे घेतो. आज विमानतळावर भाच्याला सोडायला गेलो होतो, ते सहारा स्टार हॉटेल दिसलं, जुनं सेंटॉर. लग्नाचा मांडव पडला होता, दिवे, घोडा, सगळं. नाव अजून तेच.

पुणेकर_आहे_म्हणून_काय | १८ नोव्हेंबर, रात्री ९:२०

झेंडा पुण्याचा असेल तर परत पाठवा. आम्ही जपून ठेवतो, तुम्ही पुसायला वापराल.

तिसरी_स्लिप | १७ सप्टेंबर २०२५, रात्री ८:१०

जुना धागा वर काढतोय, माफी. जर्सीवर पुन्हा नवीन नाव येतंय, अपोलो टायर्सचं, म्हणून आठवला. सहारानंतर स्टार, मग ओप्पो, मग बायजूज, मग ड्रीम ११. बायजूज दिवाळखोरीच्या दारात, ड्रीम ११ चा धंदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरच्या ऑगस्टच्या कायद्याने एका फटक्यात बंद. आशिया कपला आपले लोक कोऱ्या शर्टाने खेळतायत. ऑफिसात सगळे 'पनवती, पनवती' करतायत. मला ते पटत नाही. जो सगळ्यात जास्त मोजतो त्याला छाती विकायची, आणि सगळ्यात जास्त मोजणारा बहुतेक वेळा घाईत असतो, यात नशिबाचा काय संबंध?

धाकटे, आहात का इथे? बाबा कसे आहेत?

लालबागचा_धाकटा | १८ सप्टेंबर २०२५, सकाळी ७:४५

आहे. बाबा ठीक, गुडघे सोडून. मॅच बघतात, आवाज बंद करून.

परवा विचारत होते, शर्ट कोरा का रे? सांगितलं, आधीचे गेले, आता टायरवाले येतायत. जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, 'टायर बरे. हात लावून बघता येतात.'